चौथीचा तुकडा

मी अमरावतीच्या एका शाळेत चित्रकला शिकवते. वस्तुचित्राच्या तासाला माझा एकच हेका असतो: टेबलावर वस्तू तीनच मांडायच्या. मटका, वांगं, लिंबू. चार मांडल्या की पंगतीला बसल्यासारख्या दिसतात. यावर कोणी वाद घातला की माझं डोकंच सणकतं.

धाकटी बहीण गाण्यांना चाली लावते. तिचं म्हणणं, रचना सुरांनी होत नाही, मध्ये कुठे थांबायचं त्यावर होते. आणि अकोल्याची आमची आई आम्हा दोघींना एका ताटात निकालात काढते. मीठ वर, शेजारी लिंबू, चटणी डावीकडे, भाजी उजवीकडे. "झाली तुमची रचना, जेवा आता!" तिच्या ताटात तीन पोळ्या मात्र कधी यायच्या नाहीत. तीन अशुभ. कोणाला तीन लागल्याच, तर चौथीचा तुकडा तोडून सोबत वाढायची.

यंदाच्या दिवाळीत या तिनावरूनच आमची जुंपली.

दर दिवाळीला अंगणात आम्हा चौघांचा फोटो निघायचा. बाबा खिडकीत मोबाईल टेकवायचे, टायमर लावायचे आणि धावत सुटायचे. आई ओरडायची, "पया न हो, लवकर!" ते पोचायच्या आत फोटो निघालेला असायचा. एका फोटोत त्यांचं कोपर, एकात अर्धा खांदा, एकात नुसती चप्पल. मी चिडून म्हणायची, पुन्हा काढू. ते म्हणायचे, "आलो न बाप्पा मी, अजून किती येऊ?"

बाबा उन्हाळ्यात गेले. बहिणीला बंगळूरला नोकरी लागली, भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी तिची गाडी. आता फोटो निघाला नाही तर आम्ही तिघी पुन्हा एकत्र कधी येणार, म्हणून मी सकाळपासून फोटोच्या मागे लागले होते. आणि आईने तर साफ नकार दिला.

"तिघायचा फोटो काढत नसते."

"अवं आई, तीनच तर छान दिसते! मी पोरांना रोज शिकवते."

"तुया वांग्याले मायबाप नसते. मले नाही काढायचा."

शेजारच्या काकू पदर सावरत कुंपणाशी आल्या. "मी येऊ का चौथी?" आई म्हणाली, "काहून? तुमच्या घरी माणसं कमी पडले का?" काकू फुगून आत गेल्या. मग मी जास्वंदीची मोठी कुंडी ओढत आणली. "मले आता कुंडीची माय करून राहिली का तू?" झालं! मी कुंडी तिथेच आपटली. "नको काढू मग! राहू दे!" म्हणाले आणि मला रडूच फुटलं.

बहीण पायरीवर बसून सगळं ऐकत होती. ती म्हणाली, "आई, बाबा फोटोत कधी पूर्ण आले होते का? त्यांचा तुकडाच यायचा. तेवढी जागा ठेवू आपण."

आईने पदराने नाक पुसलं. म्हणाली, "बरं. तुकडा त तुकडा."

उजवीकडे, आईच्या शेजारी, एका माणसाची जागा सोडून आम्ही पायरीवर बसलो. सगळं वजन डावीकडे! पोरांनी असं चित्र काढलं असतं तर मी खोडायला लावलं असतं. माझ्या नव्या मोबाईलला लांबून नुसता तळहात दाखवला की टायमर सुरू होतो, कोणाला धावावं लागत नाही. मी बसल्या जागेवरून हात दाखवला. खिडकीत टेकवलेल्या मोबाईलचा दिवा लुकलुकायला लागला.

"पया न हो, लवकर!" आई ओरडली.

फोटोत आम्ही दोघी दचकून आईकडे बघतोय. आई खिडकीकडे बघून हसते आहे, आणि साडी आवरून जराशी आमच्याकडे सरकली आहे, त्यांना नीट बसता यावं म्हणून.