आईच्या पुस्तकातलं दुमडलेलं पान

माझे वडील एसटीत कंडक्टर होते आणि धर्मातही कंडक्टरच राहिले. तिकिटावर छापलंय तेवढाच प्रवास, शास्त्रात लिहिलंय तेवढीच प्रार्थना. भोरला आम्हा प्रोटेस्टंटांची घरं पाच. पाळक, म्हणजे आमचे धर्मगुरू, पुण्याहून महिन्यातून एकदा यायचे. बाकीच्या रविवारी आमच्या घरात जाजम पसरून वडीलच शास्त्र, म्हणजे बायबल, वाचायचे. त्यामुळे पाचही घरांत त्यांचा शब्द शेवटचा.

आई कॅथलिक, नगरकडची. लग्नानंतर ती मुकाट्यानं आमच्या जाजमावर बसली. फक्त नोव्हेंबरात, मृतांच्या दिवशी, आपल्या आईबापासाठी फडताळात एक मेणबत्ती लावायची. वडील चहाला आत आले की ती चिमटीनं विझवायचे. रागानं नव्हे, नळ चालू राहिला तर बंद करावा तसं. ते बाहेर गेले की आई पुन्हा लावायची. लहानपणी मला याची गंमत वाटायची. अक्कल कमी, दुसरं काय.

एकदाच ती तोंड उघडून बोलली. वडील म्हणाले होते, "मेलेल्यांसाठी देवाकडं मागावं असं कुठं लिवलंय, दाखव." तिनं ट्रंकेतून आपलं बायबल काढलं. पान दुमडलेलंच होतं. लढाईत पडलेल्यांसाठी मागं राहिलेल्यांनी प्रार्थना केली, असं त्या पानावर आहे. वडिलांनी वरचा मथळा बघितला आणि पुस्तक मिटलं. "ही पुस्तकं आमच्यात न्हाईत." कॅथलिकांच्या बायबलात आमच्यापेक्षा सात पुस्तकं जास्त असतात, त्यातलंच ते एक.

"अवो, पण कुठली घ्यायची न् कुठली न्हाई, ते कुणी ठरवलं?" आई म्हणाली. "चर्चच्या मंडळीनंच ना? मंग त्याच मंडळीनं शिकवलेली माझी मेणबत्ती तेवढी खोटी कशी?"

"माणसं चुकत्यात," वडील म्हणाले. "म्हणून तर लिवलेलं धरायचं."

मला दोघांचंही पटलं. अजूनही पटतं, आणि त्यातच माझं वाटोळं झालं.

पुढं आईला पोटाचा कॅन्सर निघाला. शेवटच्या दिवसांत तिनं वडिलांकडं एकच मागितलं: मी गेल्यावर महिना भरला की पुण्याच्या कॅथलिक चर्चमध्ये माझ्या नावानं एक मिस्सा, म्हणजे फादरकडनं प्रार्थना, ठेवा, आणि तुमी सोता माझ्यासाठी मागा. वडील तिचे पाय चेपत होते. चेपता चेपताच म्हणाले, "तुज्यासाठी जीव मागितलास तर दीन. पर जे म्या मानत न्हाई ते तुज्या नावानं करू? खोटं हुईल गं."

"बघा, जमलं तर," ती म्हणाली.

ती गेली. पेटी बंद करायच्या आधी मी तिचं बायबल तिच्या हाताशी ठेवलं. कुणी सांगितलं नव्हतं, शहाणपणा सगळा माझा. तिला आवडेल असं वाटलं, बस्स. भाटघरच्या रस्त्याला आमच्या लोकांची थडगी आहेत, तिथं पुरलं.

महिना भरला. वडिलांनी काही केलं नाही. मीही नाही. पुण्याला जायला नसरापूरपर्यंत शेअर रिक्षा, तिथून एसटी. मला कुणी दाव्याला बांधलं नव्हतं. विंझरच्या शाळेत पोरांना शिकवणारी चाळिशीची बाई मी, आणि बापाला भ्यायले. लाज वाटते सांगायला.

नोव्हेंबर आला. एका दुपारी वडील फडताळासमोर नुसतेच उभे होते. म्हणाले, "पोरी, आईचं ते पुस्तक आण. ते पान वाच."

मी ट्रंकेकडं गेले नाही.

"रोज तिच्यासाठी मागावं वाटतंय," ते म्हणाले. "तोंडातनं निघत न्हाई. कुठंतरी लिवलेलं डोळ्यांनी बघितलं तर निघंल."

"पप्पा, ते पुस्तक मी तिच्याबरोबर ठेवलं."

मी मोबाईलवर शोधलं. सापडेल ते मराठी बायबल आमचंच, सहासष्ट पुस्तकांचं. ते पान कुठंच नाही. "ऱ्हाऊ दे," म्हणाले आणि खुर्चीत जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी पुण्याला गेले, कॅथलिकांचं बायबल आणलं, पान दुमडून त्यांच्यापुढं धरलं. त्यांच्या मांडीवर त्यांचं स्वतःचं शास्त्र होतं. माझ्या हातातल्या पुस्तकाला त्यांनी हात लावला नाही.

"काल मन हाललं हुतं," ते म्हणाले. "माणसाचंच मन. लिवलेलं धरायचं."

मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "तिला वाटंल, ह्यांनी मागितलंच न्हाई."

पुढच्या उन्हाळ्यात तेही गेले. एक दुपार त्यांचं मन उघडं होतं आणि त्या दुपारी लागणारं पान मी मातीत घातलं होतं. याला माफी कुणाकडं मागायची, हे दोन्ही पुस्तकांत मला सापडलेलं नाही.

आता नोव्हेंबरात मी फडताळात एक मेणबत्ती लावते, आईसाठी. वडिलांसाठी लावत नाही. त्यांना ते चाललं नसतं. ती शेवटपर्यंत जळते. विझवायला कुणी येत नाही.