तेल खवट, दोष कोंबडीचा

माझा सख्खा भाऊ आहे म्हणून काय झालं? खोटं कशाला बोलू? असा कोडगा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आम्ही तिघंही एकाच हॅचरीत. तो खाद्य कालवणारा. मी आणि त्याची बायको, म्हणजे माझी वहिनी, अंधाऱ्या खोलीत अंडी दिव्यासमोर धरणाऱ्या. आठवडाभर उबवलेल्या अंड्यात लाल शिरांचं जाळं दिसलं तर आत जीव, नाहीतर अंडं कोरं, बाजूला. वहिनीची नजर मोठी तयार. पण तिची कूस उजवली नव्हती, आणि आई जेवणाबरोबर तिला रोज तेच वाढायची. भाऊ खाली मान घालून भुरके मारायचा.

उन्हाळ्यात कोऱ्या अंड्यांचा ढीग वाढला. "कोंबड्याच वांझोट्या," भावानं जाहीर केलं. मालकानं नर तेवढे ठेवून कोंबड्यांचा अख्खा लॉट कापायला धाडला. नव्या कोंबड्या आल्या, तरी अंडी कोरीच. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

मग जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी नरांचं वीर्य तपासलं आणि थेट तेलाच्या ड्रमपाशी गेले. भाऊ उन्हात तापलेलं जुनं तेलच खाद्यात घालत होता, टाकायचं कशाला म्हणून. डॉक्टरांनी त्यालाच बोट बुडवून चाटायला लावलं. तोंड वाकडं झालं त्याचं.

"नराच्या बीजावर स्निग्धाचा पातळ पापुद्रा असतो," डॉक्टर म्हणाले. "शरीरात प्राणवायूपासून काही जाळणारे कण तयार होतात. थोडे असले तर शरीर आवरतं. पण उष्मा, खवट खाणं, धूर यांनी ते वाढले की तो पापुद्राच खवटतो. बीज धड पोहत नाही. कोंबडी बिचारी काय करणार?"

"धुराचं... माणसालाही?" वहिनीनं हळूच विचारलं. भावाच्या बोटांत सिगरेट होती.

"माणसालाही. सोडली तर पुष्कळदा सुधारतं."

तेल बदललं, नरांना सावली केली, पंखे लावले. महिन्याभरात अंड्यांत शिरा दिसायला लागल्या. वहिनीनं एक अंडं दिव्यासमोर धरून भावाला दाखवलं. इतकी हसरी मी तिला कधी पाहिली नव्हती.

"बघा ना! तुम्हीही एकदा तपासून घ्या. मी येते बरोबर."

त्यानं ते अंडं हिसकावलं आणि तिच्या पायाशी आपटलं. "मला कोंबडा समजतेस?"

संध्याकाळी तिची पिशवी उंबऱ्याबाहेर. मी आईशी कडाकडा भांडले, तर म्हणे, "तू तुझ्या सासरचं बघ." वहिनीनं पिशवी उचलली. "वन्सं, त्या कोंबड्यांना निदान पंखे तरी लावले हो," एवढंच म्हणाली आणि गेली.

सोडचिठ्ठी झाली. भावानं दुसरी आणली. पोरगी वहिनीच्याच स्टुलावर बसून अंडी बघते. वर्ष झालं. काल मी माहेरी जेवायला गेले, तेव्हा आईनं तिच्या पोटाकडे बघून उसासा टाकला, "हीही तसलीच निघाली."

माझं डोकं फिरलं. "आई, कोंबड्या किती बदलशील? आता कोंबडा तपास!"

आईनं माझ्यासमोरचं ताट ओढून घेतलं. भाऊ सिगरेट पेटवत बाहेर गेला. आणि ती पोरगी खाली मान घालून उष्टी काढायला लागली.