दोन इंच जास्तीचा भाचा

माझ्या बहिणीचा मुलगा पाच फूट अकरा इंच उंच होता. 'होता' म्हणते, कारण आता तो तेवढा नाही. मेला नाही, वाढला.

आमच्या घराण्यात एवढा उंच माणूस कधी झाला नव्हता. वडील भंडाऱ्याकडून स्टील प्लांटच्या नोकरीला भिलाईत आले, त्यांच्यासकट आम्ही सगळे बेताचेच. त्यामुळे या पोराचं फार कौतुक झालं. शाळेत त्याला 'लंबू' म्हणत. खेळता येत नसतानाही बास्केटबॉलच्या टीममध्ये घेतलं. माझी बहीण तर पाहुणे आले की मुद्दाम त्याला माळ्यावरचा डबा काढायला लावायची. अभ्यासात तो बरा होता, बोलण्यात बरा होता, सगळ्यातच बरा होता. पहिला फक्त उंचीत. तेवढ्या भांडवलावर त्यानं आयुष्याचं दुकान मांडलं आणि गुरुग्रामला नोकरीला गेला.

एका उन्हाळ्यात तो सुट्टीवर आला आणि थेट आमच्या सेक्टर सहाच्या क्वार्टरमध्ये येऊन माझ्या मिस्टरांच्या बाजूला बसला. मिस्टर प्लांटमध्ये फिटर होते. नोकरीत असताना त्यांच्या पायावर लोखंडी प्लेट पडली. हाड सडलं, कापावं लागलं, मग हाडातून सळया घालून, पायाभोवती रिंगा लावून, त्यांचे नट रोज थोडे थोडे फिरवून हाड पुन्हा लांब केलं. तरी तो पाय जरा आखूडच राहिला. पावर हाउस बाजारातल्या मोच्याकडून एका चपलेला जाड तळ लावून घेतात, झालं.

"मोसाजी, रिंग फिरवताना किती दुखते?" भाच्यानं विचारलं.

"दात काढल्यावाणी. फक्त रोज."

"अन् झोप येते?"

इतक्या वर्षांनी कोणी आपुलकीनं विचारतंय म्हणून मिस्टर खूश झाले. पायजमा गुडघ्यापर्यंत वर करून सळयांचे डाग दाखवायला लागले. मी पन्हं घेऊन आले तेव्हा भाचा त्या डागांवर बोट ठेवून बघत होता. मलाही बरं वाटलं. मग तो म्हणाला, "मी करून घ्यायचं म्हणून राहिलो. दोन्ही पायांचं."

मिस्टर घाबरले. "तुह्या पायाले काय झालं?"

"काही नाही झालं. हाइट वाढवाची हाये."

मिस्टरांनी पायजमा खाली केला आणि पन्ह्याचा ग्लास उचलला. पुढचं बोलले मी.

"कावून? तुले काय कमी हाये?"

"मावशी, डेटिंग अॅपवर पोरी सहा फुटाचा फिल्टर लावते. मी त्याइले दिसतच नाही."

"अन् ज्याइले तू दिसतं, त्याइले पसंत पडतं का?"

त्यानं विषयच बदलला. मग म्हणाला की ऑफिसात उंच माणसाचं वजन पडतं, प्रमोशन लवकर मिळतं. मी विचारलं, तुझा साहेब किती उंच? त्यानं विचार करून सांगितलं, असेल पाच-पाच. स्वतःचं उत्तर स्वतःच्या कानात शिरलं नाही. कान डोक्यालाच असतात, पण मधे काही तरी लागतं.

बुटक्या माणसानं असं काही मनात आणलं तर मी समजू शकते. पोलीस भरतीत छाती भरते आणि उंचीत पोरगा बाद होतो. लग्नाच्या बैठकीत पोरीकडचे तोंडावर पदर घेऊन हसतात. त्याचं दुःख खरं आहे. पण हा? भरल्या ताटावर बसून शेजारच्या ताटातला पापड मोजणारा. त्याला उंच व्हायचं नव्हतंच, तो होताच उंच. त्याला बाकीचे बुटके दिसायला हवे होते.

आणि त्यानं करून घेतलं. दिल्लीकडच्या कुठल्याशा दवाखान्यात धडधाकट पायांची हाडं कापली, रिंगा लावल्या आणि व्हीलचेअरवर बसून भिलाईला आला. बहिणीचं घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आमचं तळमजल्यावर. मी नाही म्हणणार होते, मिस्टर म्हणाले, "आणा. मूर्ख असला म्हणून काय रस्त्यावर ठेवाचं पोराले?"

तर तो आमच्या समोरच्या खोलीत राहिला. नट मिस्टर फिरवायचे, पान्हा घेऊन, चष्मा लावून. सळयांच्या भोकांचं ड्रेसिंग माझ्याकडे. पोटऱ्या इतक्या ताणल्या गेल्या की पाय आपोआप खाली वळले, टाचा जमिनीला टेकेनात. टॉवेल तळव्याला अडकवून मी पाय वर ओढायची आणि तो आईच्या नावानं ओरडायचा. दया येत होती का? येत होती. पण त्याचं तोंड पाहिलं की जात होती. कारण दुखणं थोडं कमी झालं की तो मोबाइल घेऊन, आणखी किती वाढलो, हे परदेशातल्या आपल्यासारख्याच शहाण्यांना कळवायचा. त्यांचा एक ग्रुप होता. सगळे आधीच उंच, सगळे दुःखी.

कॉलनीत मात्र त्यानं सांगितलं होतं की मोटरसायकलचा अॅक्सिडेंट झाला. लोक यायचे, सफरचंदं आणायचे, ट्रकवाल्यांना शिव्या द्यायचे. मी चहा करायची आणि तीच सफरचंदं कापून द्यायची. समोरच्या क्वार्टरमधल्या आंटी छत्तीसगढच्याच, एकट्या राहणाऱ्या. त्या तर डब्यात बकऱ्याच्या पायाचं सूप घेऊन यायच्या. हाड लवकर जुळतं म्हणे. त्यांचा मुलगा खरंच रायपूरच्या रस्त्यावर मोटरसायकलच्या अॅक्सिडेंटमध्ये गेला होता.

एका दुपारी त्या पलंगाजवळ बसल्या, भाच्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "मेरा वाला तो नहीं बचा बेटा. तू बच गया, भगवान की दया है."

आणि हा म्हणतो, "जी आंटी. हेल्मेट था, इसलिए."

माझ्या हातात चहाचा ट्रे होता. तो मी टेबलावर ठेवला. "आंटी, कोई एक्सिडेंट नहीं हुआ," मी म्हटलं. "इसने पैर खुद कटवाए हैं. लंबा होने के लिए."

आंटींना आधी कळलंच नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, रिंगांकडे पाहिलं, मग पलंगाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पसरलेल्या त्या लांबलचक पोराकडे पाहिलं. मग उठल्या, भरलेला डबा उचलला, झाकण लावलं आणि घेऊन गेल्या. सूप पुन्हा आलं नाही.

"मावशी, तू माही इज्जत काढली!" तो ओरडला.

"होती कुठं? मले दाखव, मी जागेवर ठेवीन."

तेव्हा तो रडला. दुखतं म्हणून नाही. ते रडणं मला ओळखीचं झालं होतं. हे वेगळं होतं. म्हणाला, "इथं सगळे मले लंबू म्हणत होते. तिथं गेलो तं लिफ्टमधी सगळेच माह्याएवढे. मी रूममधी आलो, गेलो, कोणी पाहतच नाही."

एवढंच होतं. पोरी नाहीत, प्रमोशन नाही. शहरात गेला आणि चार माणसांसारखा एक माणूस झाला, हे त्याला सहन झालं नाही. मी त्याला पाणी दिलं. दुसरं काय द्यावं ते मला सुचलं नाही.

दोन इंचांवर डॉक्टरांनीच थांबवलं, पोटऱ्या पुढं ऐकेनात म्हणून. रिंगा निघाल्या, काठी आली, काठी गेली. तो सहा फूट एक इंच होऊन परत गेला, टाचा जरा उचलून चालत, सतत काहीतरी चोरून निघाल्यासारखा. थोड्या दिवसांनी मी फोन केला. "ऑफिसात काही म्हणले का?"

"म्हणले, वजन कमी झालं."

आंटी मला एकदा भाजीच्या ठेल्यावर भेटल्या. बऱ्याच दिवसांनी बोलल्या. "कितना बढ़ा?" मी दोन बोटांत अंतर दाखवलं. "बस?" त्या म्हणाल्या, आणि वांगी निवडायला लागल्या.

मग भाच्याच्या धाकट्या बहिणीचं लग्न निघालं. विहारात मंगल परिणय झाला, सगळे फोटोला उभे राहिले. भाचा कोट घालून ऐटीत पुढं, नवरीच्या बाजूला. फोटोग्राफर म्हणाला, "लंबू भैया, आप नीचे बैठ जाओ, पीछे वाले दब रहे हैं." ज्या शब्दासाठी हाडं कापून घेतली तो शब्द भर मांडवात मिळाला. पण मांडी घालून त्याला बसता येईना. एक गुडघा टेकून पाहिला, पाय वळेना, तोल गेला. शेवटी उठला आणि पार कडेला, माझ्या बाजूला येऊन उभा राहिला.

तिथून माझ्या कानाशी वाकून म्हणाला, "मावशी, आता मांड्यांचं करून पाहावं म्हणतो. त्यात जास्त वाढते."

फोटोग्राफरनं कॅमेऱ्यात फोटो दाखवला तेव्हा त्यात तो अर्धाच होता, एक खांदा आणि एक कान. बहीण म्हणाली, पुन्हा काढायला सांगू का. मी म्हटलं, राहू दे, पंगत बसून राहिली.