पन्हाळ्याच्या खालचं आकाश

माझ्या सासूबाईंनी आकाशाला कुंपण घातलं, त्या कुंपणाचा मजकूर माझ्याच अक्षरात आहे. दोष द्यायचाच तर निम्मा मलाच द्यायला हवा.

सासरे गेले त्या वर्षीच्या चातुर्मासात आत्तींनी दिग्व्रत घेतलं. आमच्या जैनांच्या घरात सासूला आत्ती म्हणतात. दिग्व्रत म्हणजे दाही दिशांना आपल्या फिरण्याची हद्द आखून घ्यायची आणि मरेपर्यंत ती ओलांडायची नाही. मुनिमहाराजांपुढं नियम घेऊन त्या घरी आल्या आणि माझ्यापुढं वही ठेवली. दक्षिणेला श्रवणबेळगोळ, पश्चिमेला समुद्र, असं सांगत गेल्या, मी लिहीत गेले. आठ दिशा झाल्या, मग खालची आणि वरची. खालची हद्द म्हणून त्यांनी माहेरच्या, कोडोलीच्या विहिरीचा तळ सांगितला. वरच्या हद्दीपाशी म्हणाल्या, पन्हाळा लिव्ह. कोडोलीच्या पोरीला जन्मापासून दिसत आलेली सगळ्यांत उंच गोष्ट तीच. तीर्थयात्रेची सूट ठेवून मी लिहिलं, ‘ऊर्ध्व दिशा : पन्हाळगडाचा माथा.’ आत्तींनी खाली सही केली.

या एका ओळीत माझं विमान गेलं, हे मला पुढं कळलं.

कारण आमच्या घरात कुठलंही दूरचं लग्न निघालं, की सगळे विमानानं आणि आत्ती रेल्वेनं. आणि आत्तींना एकटं कसं पाठवायचं? सून मग कशाला असते? बेंगळुरूला माझ्या नणंदेच्या मुलाचं लग्न झालं तेव्हा नवरा, दीर, जावा, पोरंबाळं तासा-दीड तासात पोचली आणि आम्ही दोघी मिरजेहून रात्रभर धक्के खात. मी पेठ वडगावच्या शाळेत भूगोल शिकवायचे. फळ्यावर जगाचे नकाशे काढायचे, आणि जमिनीपासून माझे पाय कधी गच्चीच्या वर गेले नाहीत. मी गप्प बसणाऱ्यातली नाही. वर्षानुवर्षं भांडी आदळली, टोमणे मारले, पण त्या बाईच्या नियमावर ओरखडा उठला नाही.

रेल्वेच्या या प्रवासांत आत्तींना एक नाद लागला. फलाटाच्या टोकाला पिवळी पाटी असते, तिच्यावर गावाच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. ते बारीक आकडे काय आहेत, असं त्यांनी एकदा विचारलं आणि मी वर्गात शिकवावं तशा थाटात समजावून सांगितलं. झालं. त्यानंतर प्रत्येक ठेसनावर मला पाटी वाचायला लावायच्या. बेंगळुरूला तर कहर झाला. गाडी थांबली, हमाल डब्यात शिरले, आणि आत्ती जागच्या उठेनात. म्हणाल्या, आधी बघून ये, पन्हाळ्यापेक्षा वर तर न्हाय ना आपण? मी दोन बॅगा आणि लाडवांचा डबा सांभाळत पाटीपर्यंत धावत गेले, मीटरचे फूट केले आणि परत येऊन सांगितलं, की बेंगळुरू पन्हाळ्यापेक्षा थोडं खालीच आहे, आता कृपा करून उतरा. त्या शांतपणे उतरल्या. मी मात्र फलाटावर रडायच्या बेताला आले होते.

एवढं सगळं असून या बाईला विमानाचं वेड. संध्याकाळी आमच्या कोल्हापूरच्या घरावरून विमान गेलं, की गच्चीवर वाळवण काढता काढता त्या मान वर करून हात हलवायच्या. लहानपणी कोडोलीच्या शेतात भुईमूग भांगलताना विमान दिसलं, की सगळ्या बायका खुरपी टाकून हात करायच्या. ती सवय राहिली होती. मला दर वेळी विचारायच्या, वरनं आपला हात दिसत असंल का गं? मी म्हणायचे, मला काय ठाऊक, मला कोण नेतंय. आणि मी हात करत नसे. ज्या वाहनानं आपल्याला कधी घेतलं नाही, त्याला कशाला सलाम करायचा?

मी निवृत्त झाले, त्याच्या पुढच्या सुट्टीत नवऱ्यानं रत्नागिरीला जायचं ठरवलं. तिथं समुद्राकाठच्या एका मैदानावर थोडे दिवस हेलिकॉप्टर आणलं होतं. शहरावरून, किल्ल्यावरून एक चक्कर मारून आणायचे. त्यानं तीन तिकिटं काढली आणि मोठ्या हौसेनं आम्हा दोघींपुढं मोबाइल धरला. आईनं वीस वर्षं पाळलेला नियम पोटचा मुलगा साफ विसरला होता. आत्ती म्हणाल्या, तुम्ही दोघं जावा, मी खाली बसून बघतो. कोडोलीकडच्या बायका ‘बघतो’च म्हणतात. आवाजात तक्रार नव्हती, पण नंतर बराच वेळ त्या फोनमधलं चित्र बोटानं मोठं करून बघत होत्या.

खरं सांगते, मी जायचं ठरवलं होतं. या वेळी कुणाची सोबत करणार नव्हते. आत्तींना खुर्ची देईन, पाण्याची बाटली देईन आणि वर जाईन, असं मनाशी घोकत मी गाडीत बसले.

आंबा घाट उतरायला लागलो तसे कान बंद झाले. आत्तींनी दोन्ही कानांत बोटं घालून विचारलं, असं का होतंय. मी खिडकीबाहेर बघतच सांगितलं, की आपण उंचावरून खाली चाललोय, देश संपला, आता कोकण, पार समुद्राच्या पातळीला जाणार. त्यांनी विचारलं, म्हणजे आपलं कोल्हापूरच डोंगरावर हाय म्हण की. मी म्हटलं, तसंच म्हणायचं. त्यानंतर साखरपा गेलं, पाली गेलं, तरी त्या मान वळवून मागं राहिलेल्या घाटाकडंच बघत होत्या. मला वाटलं, गाडी लागली असेल.

मैदानावर एका तंबूत टेबल होतं. टेबलामागच्या माणसानं प्रत्येकाला वजनकाट्यावर उभं केलं आणि माझा आकडा साऱ्या रांगेला ऐकू जाईल असा मोठ्यानं वाचला. मी त्याला सुनावणार, एवढ्यात आत्ती काठी टेकत पुढं आल्या.

“पावणं, किती उंच नेता?”

“दीड हजार फूट, आजी. भ्यायचं कारण नाही.”

“भेतंय कोण? दीड हजार कुठनं धरायचं? जमिनीपास्नं का समुद्रापास्नं?”

तो माणूस हसायला लागला होता, तो थांबला. समोर समुद्र होता, तिकडं हात करून म्हणाला, इथं दोन्ही एकच, आजी. आत्ती माझ्याकडं वळल्या.

“पन्हाळा समुद्रापास्नं किती?”

मी आयुष्यभर फळ्यावर समोच्च रेषा काढल्या. सहावीच्या पोरांना पन्हाळ्याची उंची पाठ करायला लावली. आणि तरीही हा हिशेब मला आजवर सुचला नव्हता. “तीन हजार फुटांच्या वर,” मी म्हटलं.

“मग वर कोण? हे का पन्हाळा?”

माझ्या नवऱ्यानं आनंदानं टाळीच वाजवली. पण माझा स्वभाव आडवा. एवढी वर्षं जिच्या नियमापायी मी फरफटले, तिला तो असा सहजासहजी ओलांडू देणार नव्हते. मी म्हटलं, आत्ती, नियम घेताना तुमच्या मनात विमान बसायचं नाही असंच होतं ना? आता उगाच पळवाट नको. उद्या तुमच्याच मनाला टोचणी लागेल, आणि मग रात्र रात्र जागून मला उठवाल.

त्या रागावल्या नाहीत. काठी टेबलाला टेकून त्यांनी पिशवीतून ती वही काढली. प्रवासात ती कायम बरोबर असते. माझं अक्षर उघडून माझ्यापुढं धरलं.

“हितं इमान न्हाय लिवलेलं, पन्हाळा लिवलाय. बेंगळुरूत तू समुद्रापास्नं मोजून सांगितलंस, तवाच मी उतरलो. वर असतं तर तशीच माघारी आलो असतो, लग्न गेलं असतं तरी. तवा माप खरं, मग आज खोटं कसं? ही पळवाट न्हाय, बाई. ही कुंपणाच्या आतलीच जागा हाय. आपल्याला दिसली न्हाय एवढंच.”

फलाटावर दोन बॅगा घेऊन धावणारी मी माझ्याच डोळ्यांपुढं आले. त्या दिवशी मला वाटलं होतं, ही बाई माझा छळ करतेय. ती तर एकेक ठेसन मोजत, प्रामाणिकपणे, आपली हद्द कुठवर आहे ते शिकत होती. आणि शिकवत मीच होते.

मी टेबलामागच्या माणसाला म्हटलं, तिसरं तिकीट यांच्या नावावर लावा.

वजनाचा तोल राखायला सर्वांत हलक्या माणसाला पुढं बसवतात, म्हणून आत्तींना पायलटच्या शेजारची जागा मिळाली. डोक्यावरच्या पदरावरूनच त्यांच्या कानांवर मोठा हेडफोन चढवला, आम्हा दोघांनाही दिले. त्यात बोलायची सोय होती. पायलट तरणा, सोलापूरकडचा. आत्तींनी त्याला बजावलं, की तीन हजाराच्या वर गेलास तर तिथंच उतरंन. त्यानं समोरच्या तबकडीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, आजी, या काट्यावर लक्ष ठेवा, मी पुढं गेलो तर कान पकडा. त्या काट्यावर डोळे लावून बसल्या. मी मागून त्यांच्या खांद्यावरून काट्याकडं बघत होते. नवरा शहर बघत होता.

जमीन सुटली. खाली माडांची डोकी, लाल कौलं, खाडीवरचा पूल. काटा पाचशेवर गेला, मग हजारावर. उजवीकडं भगवती किल्ला आणि त्याचं दीपगृह, एका बाजूला काळ्या वाळूचा किनारा, दुसऱ्या बाजूला पांढऱ्या वाळूचा. मी हे दोन्ही किनारे शाळेत किती वेळा शिकवले होते, पण ते एकमेकांना असे पाठ लावून बसलेत, हे मला आज कळलं. मिरकरवाड्याच्या बंदरात होड्या दाटीनं उभ्या होत्या. वाळूवर मासळी वाळत घातलेली होती, पांढऱ्या चादरी अंथरल्यासारखी. आत्तींनी विचारलं, कुणाची धुणी ती? मी म्हटलं, असतील कुणाची तरी.

काटा दीड हजाराच्या अलीकडं थांबला. तिथंच राहिला. आत्तींनी त्याच्यावरची नजर काढली आणि पहिल्यांदा बाहेर पाहिलं.

मी आयुष्यात एवढी खूश कधी झाले नव्हते, माझ्या लग्नातसुद्धा नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही सुचत नव्हतं. नवरा घाबरून विचारत होता, बरं वाटत नाही का. त्याला काय सांगू? बरं वाटत होतं, इतकं की मावत नव्हतं.

परत फिरताना हेलिकॉप्टर खाली आलं, किनाऱ्यावरून. वाळूत पोरं खेळत होती, काही बायका टोपल्या घेऊन चालल्या होत्या. आवाज ऐकून सगळ्यांनी माना वर केल्या. एका बाईनं टोपली खाली ठेवली आणि हात हलवला. मग पोरांनी हलवले. एकेक हात स्वच्छ दिसत होता, बाईच्या हातातल्या हिरव्या बांगड्यांचा पट्टासुद्धा.

आत्तींनी काचेला तळहात लावला. मग तो जोरजोरात हलवायला लागल्या. माझ्या कानांत त्यांचा आवाज आला.

“दिसतोय गं, हात दिसतोय. बघाय लागलोय रं पोरांनो, मी बघाय लागलोय.”

पायलटनं काही न विचारता किनाऱ्यावरून आणखी एक वळसा घेतला.

दुसऱ्या दिवशी घाट चढताना पुन्हा कान बंद झाले, तेव्हा आत्ती म्हणाल्या, आलो वर. घरी पोचल्यावर शेजारची बाई चौकशीला आली. हेलिकॉप्टर लई उंच गेलतं का, असं तिनं विचारलं. आत्तींनी चपला काढत सांगितलं, उंच कसलं, आपल्या ह्या पायरीच्या तीनशे फूट खालीच होतं. शेजारीण माझ्याकडं बघायला लागली. मी म्हटलं, बरोबर सांगतात त्या, कोल्हापूर अठराशे फुटांवर आहे. म्हातारीबरोबर सूनही बिघडली, असा चेहरा करून ती गेली.

विमान आम्हाला अजूनही नाही, ते पन्हाळ्याच्या वरून जातं. पुढच्या लग्नाला आम्ही दोघी रेल्वेनंच जाणार, आणि पाट्या मी वाचणार.

दोन दिवसांनी संध्याकाळी वाळवण काढायला गच्चीवर गेलो, तेव्हा उजळाईवाडीच्या विमानतळाकडं उतरणारं विमान अगदी कमी उंचीवरून जाताना दिसलं. आत्तींनी हात केला. मी कुरडयांची परात खाली ठेवली आणि दोन्ही हात वर केले, अगदी टाचा उचलून, कारण वरून दिसतं, हे आता मला ठाऊक होतं.