सुमतीकाकू आणि सुवर्णकाळ

सुमतीकाकू स्वयंपाकघरातून बोलायच्या, आणि बाहेरच्या खोलीतल्या रेकॉर्डचा आवाज कुणी कमी न करताही त्यांचा शब्द न् शब्द आम्हाला ऐकू यायचा. मधुकाकांनी बोटीवरून आणलेले कमरेएवढे उंच स्पीकर, त्यांतून कुणी परदेशी बाई जिवाच्या आकांतानं गातेय, ड्रम कोसळतायत, आणि ह्या सगळ्याच्या वरून पलीकडून यायचं, "अहो, ती एवढी कळवळून कोणाला सांगतेय ते तरी विचारा तिला एकदा." मधुकाका कपाळाला आठ्या घालायचे, डॉक्टर हसल्यासारखं करायचे आणि वकील मिटलेले डोळे मिटलेलेच ठेवायचे. काकू पुढचं घावन तव्यावर टाकायच्या.

हे दर रविवारी सकाळी, शिरगावला, त्यांच्या घरी. मंडळाला 'सुवर्णकाळ' असं नाव होतं, आणि नाव होतं म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुपही होता. मधुकाका नोकरीभर मालवाहू बोटींवर रेडिओ ऑफिसर. जगातल्या बंदरांवरून लोक घड्याळं आणि परफ्यूम आणायचे, ह्यांनी रेकॉर्डी आणल्या. डॉक्टर दातांचे. वकील दिवाणी कोर्टातले, पण इंग्रजी हायकोर्टातलं. सत्तरच्या दशकातलं रॉक संगीत, आणि त्यातही गाणाऱ्या बायका, हे तिघांचं दैवत. त्यानंतर पृथ्वीवर काही चांगलं झालेलं नाही यावर एकमत होतं. आजकालच्या मुली गात नाहीत, नुसत्या कुजबुजतात, असं डॉक्टर दर रविवारी म्हणायचे.

चौथी मी. मूळची सांगलीची, लग्न होऊन इथे आले आणि विमा कंपनीच्या ऑफिसात चिकटले. कॉलेजात असताना हॉस्टेलवरच्या एका मैत्रिणीच्या कॅसेटी ऐकून मी ह्याच बायकांच्या प्रेमात पडले होते. आमच्या घरी थोरला भाऊसुद्धा ज्या आवाजात बोलायला धजत नसे, त्या आवाजात एक बाई हजारो लोकांसमोर उभी राहून बोलते, हे मला तेव्हा फार आत लागलं होतं. अजून लागतं. म्हणून मंडळाचं कळल्यावर मी नाचत गेले. पहिल्याच रविवारी मला कुठल्या गाण्यात गिटार कुणाची, रेकॉर्ड कुठल्या देशात निघालेली, कुठली बाई कुठल्या वादकाबरोबर राहत होती, ही सगळी माहिती मिळाली. बाई काय म्हणतेय याबद्दल कुणी काही बोललं नाही. गाणं संपलं की वकील म्हणायचे, "वाघीण आहे, वाघीण."

आतून काकू म्हणाल्या, "रेकॉर्डमध्ये आहे म्हणून वाघीण. घरातलं मांजर ओरडलं तर चप्पल फेकता."

मग त्यांनी मला हाक मारली. "तू इकडे ये गो. त्यांना ऐकायला येतं, समजायला नाही. घावन खा." तेव्हापासून मी स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसायला लागले. तिथून गाणंही ऐकू यायचं आणि काकूही.

काकू जन्मभर प्राथमिक शाळेत मास्तरीण होत्या. शाळेच्या पत्र्यावर पाऊस वाजत असताना शेवटच्या बाकावर पाढे पोचवायचे, तो आवाज. मधुकाका वर्षातले नऊ-दहा महिने पाण्यावर, आणि इथे मुलगी, सासू-सासरे, शाळा आणि घरामागची हापूसची कलमं एकट्या काकूंच्या गळ्यात. "हे तिकडे बायकांची गाणी ऐकत होते, तेव्हा मी इथे आंब्याच्या व्यापाऱ्याशी भांडत होते," त्या सांगायच्या. "माझी रेकॉर्ड कोणी काढली नाही." सासूबाई म्हणे सारख्या सांगायच्या, वाईच हळू बोल गो, रस्त्यावर ऐकू जातं. त्यावर काकूंचं उत्तर, "जाऊ दे की. रस्त्याला नको असेल तर परत येईल."

त्यांना त्या गाणाऱ्या बायकांचा राग नव्हता. राग होता तो ऐकणाऱ्यांचा. एकदा एक फार घोगऱ्या गळ्याची बाई लागली होती. काकू पुढ्यातली विळी बाजूला सारून नीट ऐकत बसल्या. मला म्हणाल्या, "हिचा घसा बसलाय. म्हणजे ही रोज भांडते कोणाशी तरी. आणि ज्याच्याशी भांडते ना, तो अगदी ह्या तिघांसारखाच असणार बघ. शिंचे माना हलवतायत."

गेल्या वर्षी गणपती झाल्यावर त्यांची मुलगी नीलू पुण्याहून आली. गणपती होऊन गेल्यावर माहेरी येणारी मुलगी म्हटल्यावर लोकांना काय ते कळतंच. लग्नापूर्वीची नीलू मला आठवत होती. ती अंगणातून बोलली की खाली पाखाडीच्या पायऱ्या उतरणारी माणसं ओ द्यायची. आता ती दारात उभी राहून मला काहीतरी म्हणाली आणि मला फक्त ओठ हलताना दिसले.

"घसा बसलाय काय?" काकूंनी विचारलं.

"नाही," ती कुजबुजली. "सवय झालीय."

नवरा घरून काम करायचा. त्याच्या दिवसभर मीटिंगा. आधी नुसतं 'जरा हळू' होतं. मग कुकरची शिट्टी नको. मग फोनवर बोलायला गच्चीत जायचं. मग गच्चीतलंही ऐकू येतं म्हणून खाली पार्किंगमध्ये. एकदा मैत्रिणीचा फोन आला, पार्किंगपर्यंत जायचं राहून गेलं, आणि नीलू मोठ्यानं हसली. तो खोलीतून बाहेर आला, तिच्या हातातला फोन घेतला, भरलेल्या बादलीत सोडला, आणि आत जाऊन शांतपणे दार लावून घेतलं. "मारलं नाही हां त्यानं कधी," नीलूनं तेवढ्याच हलक्या आवाजात पुढे जोडलं. काकू गप्प बसलेल्या मी तेव्हा पहिल्यांदा पाहिल्या.

मंडळ मात्र बोललं. मधुकाकांनी मित्रांसमोर विषय काढला आणि वकिलांनी निकाल दिला की ह्यात कायद्यानं पकडण्यासारखं काहीच नाही. डॉक्टर म्हणाले, थोडं अ‍ॅडजस्ट करावं लागतं, आमच्या हिनं नाही केलं? मधुकाका म्हणाले, तो माणूस वाईट नाही, पुढच्या रविवारी न्यायला येतोय, दिवाळी तरी स्वतःच्या घरी करू दे तिला. एवढं ठरल्यावर तिघांनी एक रेकॉर्ड लावली. त्यातली बाई नवऱ्याचं घर सोडून निघते. शेवटच्या कडव्यात ती असा काही आवाज लावते की स्पीकरवर ठेवलेली वाटी थरथरते. वकिलांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते पुसलंही नाही, आम्हाला दिसावं म्हणून तसंच ठेवलं.

पुढच्या रविवारी जावई आला. नीट इस्त्रीचा, मऊ बोलणारा, वाकून नमस्कार करणारा. मधुकाकांनी डॉक्टर आणि वकिलांना मुद्दाम बसवून घेतलं होतं, चार माणसं असलेली बरी म्हणून. काकूंनी मला आदल्या दिवशीच निरोप धाडला होता, "तू ये. चार पुरुष आहेत, नीलूच्या बाजूला निदान दोन बायका असू देत." नीलूची बॅग मधुकाकांनी भरून दाराशी आणून ठेवली होती. नीलू भिंतीला टेकून उभी होती. बोलणी अगदी सामोपचाराची झाली, म्हणजे नीलू सोडून सगळे बोलले. जावयानं सांगितलं की त्याचा स्वभाव जरा सेन्सिटिव्ह आहे. डॉक्टरांनी समजूतदार मान हलवली. शेवटी वकील गुडघ्यांवर हात ठेवून म्हणाले, "तर मग ठरलं."

तेव्हा काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"वकीलसाहेब, मागच्या रविवारी तुमच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्या गाण्याचा अर्थ सांगता काय वाईच? माझं इंग्रजी शाळेपुरतं."

"आत्ता?"

"आत्ता. सगळे आहेत."

इंग्रजीचा अर्थ सांगायची संधी ह्या माणसानं आयुष्यात कधी सोडली नव्हती. त्यांनी घसा साफ केला. "म्हणजे असं की, ती बाई नवऱ्याला म्हणतेय, इतकी वर्षं तू मला बोलू दिलं नाहीस..." इथे त्यांना आपण कुठे चाललोय ते दिसलं, पण गाडी उताराला लागली होती.

"पुढे?" काकू म्हणाल्या.

"पुढे... मी निघाले, असं काहीतरी."

"शेवटी परत येते काय?"

वकिलांनी मधुकाकांकडे पाहिलं. मधुकाका जमिनीकडे पाहत होते.

"नाही," वकील म्हणाले.

"नाही येत. आणि तेव्हा तुम्ही काय म्हणालात? मी आत होते, मला ऐकू आलं. तुम्ही म्हणालात, क्या बात है."

जावई हलकेच म्हणाला, "आई, प्लीज, जरा हळू. शेजारी ऐकतायत."

"ऐकू देत. शेजारी माझ्याच वर्गात होते." मग त्या नीलूकडे वळल्या. "नीलू, तुला जायचंय काय?"

नीलूचे ओठ हलले.

"मोठ्यानं बोल."

काकूंनी तिला मदत केली नाही. त्यांचा हात पदराशी नुसता चाळा करत होता. मुलगी काय म्हणेल ते त्यांनाही माहीत नव्हतं. मग नीलू म्हणाली, "नाही." आवाज काही मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू आला. काकूंनी दाराशी ठेवलेली बॅग उचलली आणि आत नेऊन ठेवली. जावई चहा न घेता गेला.

मंडळाचं म्हणाल तर वकील काही रविवार आलेच नाहीत, आणि मग डॉक्टरांना एकदम आठवलं की आपल्या दवाखान्याच्या वरची खोली रिकामी आहे आणि तिथे आवाज घुमत नाही. स्त्रीच्या हुंकारानं ज्यांचं काळीज हलायचं, ती माणसं एका मास्तरणीच्या चार प्रश्नांनी घर सोडून पळाली. काकू म्हणाल्या, "बरं झालं. तिथे भूल देऊन ऐकवतील." मी ग्रुप सोडला. कुणी का म्हणून विचारलं नाही. मधुकाका दवाखान्यावर जायचे, पण लवकर परत यायचे.

नीलू राहिली, पण कुजबुज सुटेना. भाजीवाल्याला चारदा सांगावं लागे. पुण्याचे फोन यायचे तेव्हा ती नकळत उठून पार अंगणाच्या टोकाला जायची. एका सकाळी मला म्हणाली, जावं का परत, इथेही मी कुणाला ऐकू येत नाही. त्याच सुमारास कलमांना मोहोर आला आणि वानरांची टोळी उतरायला लागली. शिरगावात हे दरवर्षीचं आहे. फटाके लावा, डबे वाजवा, शेवटी माणसालाच ओरडावं लागतं. काकूंनी राखणीचा गडी बंद केला आणि सांगितलं, "नीलू हाकलील."

पहिल्या दिवशी मी होते. नीलू झाडाखाली उभी राहून 'हाड हाड' म्हणत होती, तेही असं की माझ्यापर्यंत पोचेना. वानरं फांदीवर बसून तिच्याकडे बघत होती आणि मोहोर ओरबाडून खात होती. मागच्या पडवीतून काकूंचा आवाज आला, "ती काय मीटिंगमध्ये आहेत गो?" नीलू वळली. रागानं तिचा चेहरा लाल झाला होता. मला वाटलं, आता आईवरच ओरडेल, आणि ओरडली असती तर काकूंना चाललं असतं. पण ती पुन्हा झाडाकडे वळली. त्या मोसमात पहिला मोहोर बराचसा वानरांनीच खाल्ला. काकूंना त्याचं काही वाटलं नाही.

पुढे काकूंच्या पोटात गाठ निघाली. कोल्हापूरला नेलं, उघडून पाहिलं आणि परत पाठवलं. महिनाभरात अंग सुकलंच, पण आधी आवाज गेला. इतका बारीक झाला की जवळ वाकून ऐकावं लागे. "आता जावई खूश होईल," त्या मला म्हणाल्या. मला हसता आलं नाही. त्या बाईचा तसला आवाज ऐकणं मला सहन होत नव्हतं, आणि मी घरी जाऊन रडायची.

त्या जाण्याच्या आठवडाभर आधी सुवर्णकाळ मंडळ भेटीला आलं. पावलं न वाजवता आले, खुर्च्या उचलून ठेवल्या, आणि देवळात आल्यासारखे हात जोडून बसले. वकिलांनी नुकतीच मागवलेली एक रेकॉर्ड आणली होती. "वहिनींसाठी," ते म्हणाले. मधुकाकांनी ती लावली, अगदी हळू. एक बाई लांब कुठेतरी तळमळून गात होती. तिघं माना हलवायला लागले. काकू डोळे मिटून पडल्या होत्या, त्यामुळे त्यांना आवडतंय अशी तिघांची समजूत झाली.

आणि घरामागून एक आवाज उठला. त्यात शब्द नव्हता. तो पोटातून निघाला, चढला, चढतच राहिला. मागोमाग फांद्या खडाडल्या आणि पडवीच्या पत्र्यावर धाडधाड उड्या पडल्या. वानरं पळत होती. आवाज पुन्हा आला, आधीपेक्षा मोठा.

"कोण ओरडतंय?" डॉक्टर दचकून म्हणाले. "घरात आजारी माणूस आहे."

काकूंनी डोळे उघडले. मी वाकले. "ते बंद कर म्हणावं," त्या म्हणाल्या.

मी सांगितलं. डॉक्टर लगबगीनं उठले आणि खिडकी ओढून घ्यायला लागले.

काकूंनी माझं मनगट धरलं. "खिडकी नव्हे गो," त्या म्हणाल्या. "रेकॉर्ड."

मधुकाकांना ते ऐकू जाणं शक्य नव्हतं, पण मी सांगायच्या आधीच ते उठले आणि त्यांनी सुई उचलली. बाहेर नीलू अजून ओरडत होती.