कडूबाची मेंढरं आणि टोलनाका

माझं चहाचं हॉटेल जालना रोडवर, टोलनाक्याला लागून. त्यामुळे कडूबाचा सगळा छळ मी गल्ल्यावर बसून पाहिला. अजून आठवलं की डोकं फिरतं.

कडूबा करमाडजवळचा धनगर. हयात मेंढरांमागं गेली. जुन्या रस्त्यावर त्यानं काठी आडवी धरली की गाड्या थांबायच्या, कळप पल्याड जायचा. मग शेंद्र्याकडं शहर पसरलं. सरकारनं रस्ता एका खासगी कंपनीला बांधायला दिला आणि टोल वसूल करून चालवायलाही दिला. रस्ता झकास झाला, नाही म्हणत नाही. पण मधोमध दुभाजक आणि त्यावर लोखंडी जाळी. त्यात दुष्काळ पडला. अल्याडच्या विहिरी आटल्या, टँकर यायचा तो माणसांनाच पुरत नव्हता. पाणी उरलं होतं पल्याडच्या खदानीत. ह्याच रस्त्यासाठी तिथून दगड काढला होता.

दुभाजक उघडा होता तो थेट करमाडात, आणि तिथं गाड्या सुसाट. कडूबानं डोकं लढवलं. गाड्या हमखास थांबतात अशी जागा एकच, टोलनाका! तिथं दुभाजकही नव्हता. रोज सकाळी गळ्यात घंटा बांधलेली शेळी पुढं, मागं सगळा कळप, थांबलेल्या गाड्यांसमोरून पलीकडं. ड्रायव्हर हॉर्न बडवायचे, नाक्याचा मॅनेजर शिव्या घालायचा.

एकदा मॅनेजरनं अर्धा कळप जाताच दांडा वर करायला लावला. कडूबा ओरडला, "सायेब, थांबा! घंटा पल्याड गेली, आता मागची थांबायची नाय!" कोण ऐकतो? घंटेमागं धावलेली दोन मेंढरं ट्रकखाली गेली. मॅनेजर म्हणाला, "ट्रक आमचा नाही, मेंढरं आमची नाहीत." वर नाक्यावर जनावरांना बंदी केली.

मग कडूबाचे आणि त्याच्यासोबत माझेही हेलपाटे सुरू झाले. कंपनी म्हणे, दुभाजक तोडायचा तर सरकारची परवानगी आणा. शहरातली कचेरी म्हणे, रस्ता कंपनीच्या ताब्यात आहे. शेवटी एक साहेब समजुतीनं म्हणाले, "करार संपला की रस्ता आमच्याकडे येईल. मग बघू."

"कवा संपतो, सायेब?"

"आहेत अजून बरीच वर्षं."

"तवर मेंढरांनी तहान धरून ठेवायची व्हय?"

साहेब मोबाइल बघत बसले. माझ्या हातात असतं तर तो मोबाइल खदानीत फेकला असता.

इकडं मेंढरं माना टाकायला लागली. कडूबानं कळप लासूर स्टेशनच्या एका व्यापाऱ्याला देऊन टाकला, घंटेच्या शेळीसकट. टेम्पो नाक्यावर आला. ड्रायव्हरनं टोल भरला आणि दांडा लगेच वर गेला. आतून घंटा वाजत होती.

कडूबा माझ्या बाकड्यावर बसून बघत होता. चहा तसाच निवला होता.

"बद्री," तो म्हणाला, "मह्या मेंढरांला निस्तं पल्याड जायचं व्हतं रे."