पाण्याला विचारलेल्या खिडक्या

खिडकी बसवली की मारुती मिस्त्री तिच्यावर बाहेरून तांब्याभर पाणी ओतायचे आणि आतून चौकटीखाली बोट फिरवायचे. बोट कोरडं निघालं तरच काम संपलं. "पाण्याला इचारल्याबिगर म्या खिडकी देत न्हाई," म्हणायचे. निलंग्यातल्या कित्येक घरांच्या खिडक्या त्यांनी अशाच तपासून दिल्या होत्या.

लातूर जिल्हा नवा नवा झाला तेव्हा आमच्या तलावावर एक होडी आली. मी तिथल्या कचेरीत कारकून. होडी फायबरची, शिडाची, मुंबईकडची जुनी. नव्या जिल्ह्यात लोकांना तलावावर फिरवायची आमच्या कचेरीच्या साहेबांना भारी हौस! पण खाऱ्या पाण्यानं केबिनच्या चार खिडक्यांच्या चौकटी पार खाऊन टाकल्या होत्या. मी मिस्त्रींना बोलावलं. उभ्या जन्मात त्यांनी होडी पाहिली नव्हती. तिच्याभोवती तीनदा फिरले, टिचक्या मारल्या नि म्हणाले, "घरच हाय की वो हे. निस्ता पाया न्हाई."

आठ दिवसांनी सागवानी चौकटी आल्या. गुळगुळीत, सुबक, आणि प्रत्येकीला चार-चार लोखंडी गज! माझी हसून मुरकुंडी वळली. "मिस्त्री, तळ्याच्या मधोमध चोर कुठून येणार?"

ते ओशाळले. "आवो, खिडकी म्हणलं की हात आपसूक गज बसवतो."

गज काढले, तर केबिनची भिंत बाकदार आणि चौकटी सरळ. मधे टेकल्या की टोकं उघडी. त्यांनी चारही चौकटी बाजूला ठेवल्या. पुठ्ठ्याचे तुकडे भिंतीला लावून बाक उतरवला आणि नव्यानं चौकटी तासल्या. भिंतीच्या कडा घासताना फायबरची धूळ उडायची, आधीचाच खोकला उसळायचा. तोंडाला फडकं बांधा म्हटलं की "हाव" म्हणायचे आणि बांधायचे नाहीत.

त्या साली पाऊस नव्हता. गावात टँकर यायचा. तरी मिस्त्री घरची कळशी घेऊन आले. त्यांनी पाणी ओतलं, मी खाली घमेलं धरलं. चारही खिडक्या कोरड्या. घमेल्यातलं पाणी गाळून त्यांनी परत कळशीत भरलं. "सरू भांडी घाशील यात," म्हणाले. सरू म्हणजे त्यांची बायको.

तलावात तेव्हा पुरुषभर पाणी उरलं होतं. मिस्त्री म्हणाले, "सायब, काठावरनं एकडाव पाण्यात ढकलू का हिला? तांब्याचं पाणी येगळं, तळ्याचं येगळं. आत बसून बघतो."

"उद्घाटनाआधी कसं? पाहुणे यायचेत," मी म्हणालो. वरच्या साहेबांना विचारायचीसुद्धा माझी छाती झाली नाही.

पाहुण्यांची तारीख दोनदा पुढं गेली. तलाव आटला, होडी काठावरच कलंडून राहिली. मिस्त्री येऊन विचारायचे, "पाणी आलं का वो?" मग त्यांनी अंथरूण धरलं. थंडीत गेले.

पुढच्या पावसाळ्यात तलाव भरला. उद्घाटन अजून व्हायचंच होतं. मी सरूबाईंना होडीत बसवलं, कुणालाही न विचारता. वारा होता, लाटा खिडक्यांवर आदळत होत्या. बाईंनी चौकटीखाली बोट फिरवलं आणि माझ्यापुढं धरलं.

"कोरडं हाय," त्या म्हणाल्या. "जाताना बी इचारत हुते, खिडकी गळती का म्हून. म्या काय सांगणार? मला कुठं ठावं हुतं?"

मला रडू आवरेना. त्या दिवशी मी कुणालाही विचारलं नव्हतं, आणि काहीही बिघडलं नव्हतं.